एक्स्प्लेनर : प्लेगने सावित्रीबाईंचा जीव घेतला, अशा आजारात शरीरात नेमकं काय घडतं?

बुलढाणा : सावित्रीबाई फुले यांचं निधन प्लेगने झालं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण प्लेग माणसाला मारतो म्हणजे नेमकं काय करतो? हे आजही समजून घ्यायला हवं. कारण न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग किंवा पायातली चिघळलेली जखम त्याच वाटेने जीव घेऊ शकते.

सावित्रीबाईंचं काम काय होतं?

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावात त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीराव फुले यांच्याशी लग्न झालं. १८४८ मध्ये पुण्यातल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. विधवांच्या बाळांचे जीव वाचावेत म्हणून फुले दाम्पत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. पुढे तो डॉक्टर झाला. १८९० मध्ये जोतीराव गेल्यावर सत्यशोधक समाजाचं काम सावित्रीबाईंनी पुढे नेलं.

बुलढाण्याशी काय नातं?

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाचे सदस्य होते. ताराबाईंच्या १८८२ मधल्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकावर टीका झाली, तेव्हा जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले.

१८९७ मध्ये काय घडलं?

१८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग पुण्यात पोहोचला. यशवंत यांनी हडपसरजवळ माळरानावर दवाखाना थाटला. सावित्रीबाई रुग्ण शोधून तिथे आणत. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचं कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. याच सेवेत त्यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी त्या गेल्या.

शरीरात काय होतं?

प्लेगचा जंतू बहुतेकदा उंदरावरच्या पिसवांतून अंगात शिरतो. काखेत, जांघेत गाठ येते. जंतू रक्तात पसरला की शरीर सगळीकडे एकदम लढाई सुरू करते. ही लढाई हाताबाहेर गेली की जंतूंसोबत स्वतःच्याच अवयवांचं नुकसान होतं. रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. मूत्रपिंड, फुफ्फुस, मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. यालाच सेप्सिस म्हणतात. मोठा अपघात किंवा गंभीर भाजण्यानंतर जंतूंशिवायही शरीर असंच सर्वांगाने पेटून उठू शकतं.

तेव्हा उपचार का नव्हता?

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता. हाफकिन यांची लस जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत नुकतीच तयार झाली होती. पण लस आजार टाळण्यासाठी असते, जडलेला आजार ती बरा करत नाही. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. प्लेगवर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन तर १९४० च्या दशकात आलं. सावित्रीबाईंच्या वेळी रुग्णाला वेगळं ठेवणं आणि शुश्रूषा करणं, एवढंच हाती होतं.

आज काय लक्षात ठेवायचं?

आज अँटिबायोटिक, सलाईन, ऑक्सिजन, रक्तदाब टिकवणारी औषधं आहेत. पण ती वेळेत मिळाली तरच उपयोग. संसर्ग किंवा जखम असलेल्या माणसाला पुढीलपैकी काही दिसलं तर थांबू नका :

- खूप ताप, किंवा उलट अंग गार पडणं
- धाप लागणं, नाडी फार जलद चालणं
- असंबद्ध बोलणं, गुंगी येणं
- लघवी खूप कमी होणं
- हातपाय गार, त्वचेवर डाग

म्हाताऱ्या माणसांत ताप नसतानाही सेप्सिस होऊ शकतो. अशा वेळी घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि जवळचं रुग्णालय गाठा. सावित्रीबाईंनी धाव घेतली तेव्हा औषधच नव्हतं. आज औषध आहे, उशीर मात्र आपल्याकडून होतो.