सुमंत मूळगावकर

सुमंत मूळगावकर (१९०६–१९८९) हे भारतीय यंत्र अभियंते व उद्योगप्रमुख होते. टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजेच टेल्को (आजची टाटा मोटर्स), या कंपनीच्या जडणघडणीत त्यांचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. भारतातील मालवाहतूक पेट्रोलच्या ट्रकांकडून डिझेलच्या ट्रकांकडे वळली, त्या काळात टेल्कोचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. परदेशी सहकार्याने सुरू झालेला डिझेल ट्रक पूर्णपणे देशात घडवता यावा, यासाठी त्यांनी आयुष्याची चार दशके वेचली.

शिक्षण व सुरुवातीची कारकीर्द

मूळगावकरांचा जन्म मुंबईत झाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते भारतात परतले आणि सिमेंट उद्योगात रुजू झाले. १९३६ साली अनेक सिमेंट कंपन्यांच्या एकत्रीकरणातून एसीसी ही कंपनी स्थापन झाली. तेथे त्यांनी अभियंता म्हणून नाव मिळवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातून यंत्रसामग्री येणे कठीण झाले होते. यंत्र बाहेरून आणता येत असले, तरी ते येथे बनवता आले पाहिजे, हा त्यांचा पुढील काळातील आग्रह या अनुभवाशी सुसंगत होता. १९४९ साली ते टेल्कोमध्ये आले.

पार्श्वभूमी : पेट्रोलचे ट्रक

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातील रस्त्यांवर अमेरिकी व ब्रिटिश बनावटीच्या पेट्रोल ट्रकांचे प्राबल्य होते. महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या फोर्ड, शेव्हरोले व डॉज गाड्यांची त्यात भर पडली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एस.टी.ची सेवा सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या ताफ्यातही बेडफर्ड, शेव्हरोले, फोर्ड अशा अनेक बनावटींच्या गाड्या होत्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून डॉज व फार्गो ट्रक बाहेर पडत. यांपैकी बऱ्याच गाड्यांमध्ये सहा सिलिंडरची मोठी पेट्रोल इंजिने असत. ती आवाजाला सौम्य, सुरू करण्यास सोपी आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीलाही उलगडता येतील अशी होती. त्यांचा मुख्य दोष म्हणजे इंधनाचा खप.

पेट्रोल व डिझेल इंजिनांतील फरक

पेट्रोल इंजिनात हवा व इंधनाचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. दाब फार वाढवला, तर काही मिश्रण अवेळी आपोआप पेटते आणि इंजिन ठोके देऊ लागते. त्यामुळे त्या काळच्या ट्रकांत मिश्रण साधारण ६ ते ७ पटच दाबले जाई. सिलिंडर मोठा असेल, तर ही अडचण अधिक जाणवे. डिझेल इंजिनात केवळ हवा दाबली जाते. ती सुमारे १५ ते २० पट दाबल्यावर इतकी तापते की, तीत फवारलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेते. अधिक दाबामुळे त्याच उष्णतेतून अधिक काम मिळते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक दशांश अधिक ऊर्जा असते. भारतात पेट्रोलवरील कर जास्त असल्याने डिझेल स्वस्तही पडे. त्यामुळे दिवसभर भार वाहणाऱ्या गाडीसाठी डिझेल इंजिन किफायतशीर ठरले.

मात्र हे इंजिन बनवणे अधिक कठीण होते. मोठा दाब सोसण्यासाठी त्याचे ओतकाम जड व निर्दोष असावे लागे. इंधन फवारणाऱ्या पंपाचे भाग अतिशय काटेकोर मापांचे लागत. पंप व नोझल बाहेरून आणावे लागले, तर डिझेलचा स्वीकार म्हणजे आयातीवरचे नवे अवलंबनच ठरले असते. १९५१ साली बंगळूरमध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीने फवारणीची ही सामग्री देशात बनवण्यास सुरुवात केली, तेव्हा ही अडचण कमी होऊ लागली.

डाइमलर-बेंझशी करार

टेल्कोची स्थापना १९४५ साली जमशेदपूर येथे रेल्वेची वाफेवर चालणारी इंजिने बनवण्यासाठी झाली होती. १९५४ साली कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा सहकार्य करार केला आणि त्याच वर्षी टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागला. त्यात सहा सिलिंडरचे, सुमारे साडेचार लिटर क्षमतेचे डिझेल इंजिन होते. याच सुमारास देशी उत्पादनाचा आग्रह धरणाऱ्या सरकारी धोरणामुळे जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी भारतातील जुळणीचे कारखाने बंद केले. मद्रासमध्ये अशोक लेलँडनेही डिझेल ट्रकांचे उत्पादन वाढवले. प्रीमिअरच्या ट्रकांतही पुढे पर्किन्सची डिझेल इंजिने बसवली जाऊ लागली. अशा रीतीने मोठ्या पेट्रोल इंजिनाचे मालवाहतुकीतील स्थान हळूहळू संपुष्टात आले.

करार कधीतरी संपणार, हे गृहीत धरून मूळगावकरांनी सुट्या भागांचे देशी उत्पादन टप्प्याटप्प्याने वाढवत नेले. १९६१ साली टेल्कोचे ट्रक सिलोनला (आजची श्रीलंका) निर्यात झाले. १९६९ साली कराराची मुदत संपली. ट्रकच्या पुढील भागावरील मर्सिडीजच्या तीन टोकी ताऱ्याची जागा टाटांच्या ‘टी’ या अक्षराने घेतली आणि उत्पादन खंडित न होता पुढे चालू राहिले.

पुणे प्रकल्प

करार संपण्यापूर्वीच, १९६६ साली, टेल्कोने पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड परिसरात संशोधन केंद्र व नव्या कारखान्याची उभारणी सुरू केली. येथे मूळगावकरांनी निवडलेला क्रम लक्षणीय आहे. प्रथम यंत्रे घडवणारी यंत्रे, साचे व हत्यारे तयार करणारे विभाग आणि तरुण कारागिरांचे प्रशिक्षण यांवर भर देण्यात आला. पुण्यात तयार झालेले पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ साली. या प्रदीर्घ तयारीत मोठे भांडवल गुंतून पडले. परंतु नवे वाहन स्वतः आखून स्वतःच्या साच्यांवर घडवण्याची क्षमता कंपनीला त्यातूनच मिळाली. कारखान्याच्या माळरानावर त्यांनी मोठ्या प्रमाणावर वृक्षलागवड करवून घेतली आणि तलावही निर्माण केला.

टाटा ४०७

१९८०च्या दशकात हलक्या व्यापारी वाहनांसाठी जपानी कंपन्यांशी सहकार्य करण्यास सरकारने परवानगी दिली. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, स्वराज माझदा व आयशर मित्सुबिशी अशी चार नावे बाजारात आली. टेल्कोने परदेशी सहकार्य न घेता पुण्यात आखलेला टाटा ४०७ हा चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा छोटा ट्रक १९८६ साली आणला. तो यशस्वी झाला. प्रतिस्पर्ध्यांपैकी डीसीएम टोयोटा व ऑल्विन निस्सान ही नावे कालांतराने लोप पावली. १९८८ साली कंपनीच्या अध्यक्षपदाची सूत्रे रतन टाटा यांच्याकडे गेली. पुढील वर्षी मूळगावकरांचे निधन झाले.

कुटुंब

त्यांच्या पत्नी लीला मूळगावकर या भारतातील ऐच्छिक रक्तदान चळवळीच्या प्रवर्तकांपैकी एक म्हणून ओळखल्या जातात.

वारसा व मूल्यमापन

१९९४ साली आलेल्या टाटा सुमो या गाडीचे नाव सुमंत व मूळगावकर या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून ठेवण्यात आले.

मूळगावकरांच्या हयातीत इंजिनाचे मोजमाप मुख्यतः इंधनखर्च व टिकाऊपणा यांवरून होत असे. डिझेलच्या धुराचे दुष्परिणाम नंतर अधिक स्पष्ट झाले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील बस नैसर्गिक वायूवर चालवण्याचा आदेश दिला, २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आणि २०२० पासून देशात भारत स्टेज ६ ही कडक मानके लागू झाली. या कसोट्यांना उतरण्यासाठी इंजिनात मोठे बदल देशातच करावे लागले. त्यासाठी लागणारे संशोधन केंद्र आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांचा पाया मूळगावकरांच्या काळात घातला गेला होता.