पंडिता रमाबाई : मरणापलीकडचा दिलासा

लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांना सांताक्रूझ हे केवळ एका स्थानकाचे नाव वाटते. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ पवित्र क्रूस. देहदंडाच्या या साधनात ख्रिस्ती भाविक मृत्यूवरील विजयाची खूण पाहतात. ही श्रद्धा शोकाच्या कसोटीला कशी उतरते, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते.

२३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात, अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. पुराणे सांगत तीर्थाटन करणारे हे कुटुंब दुष्काळात अन्नाला महाग झाले. १८७४ मध्ये वडील आणि काही महिन्यांतच आई गेली. आईचा देह न्यायला माणसे मिळेनात. अखेर रमाबाईही पुढे झाल्या. उंची कमी पडल्याने आपल्या वाटचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. मागोमाग थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पटकीने पती बिपिन बिहारी मेधावी यांचेही निधन झाले. तेव्हा रमाबाई २३ वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

आसामातील संसारात पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावर कठोर टीका झाली. मात्र धर्म स्वीकारल्याने मनाला लगेच शांती लाभली नाही. ख्रिस्ताच्या सान्निध्याची खात्री पटायला आणखी काही वर्षे गेली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली-स्त्रियांना आसरा मिळाला. आपल्याला आधार देणारा ग्रंथ या बायकांनाही समजावा, म्हणून त्यांनी उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, आश्रमातील स्त्रियांच्या हातून होत असे.

ज्या मनोरमेकडे संस्था सोपवायची होती, ती २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधी गेली. रक्ताच्या नात्यातले जवळचे असे आता कोणी उरले नव्हते. पुनरुत्थानावर विश्वास असला तरी आईचे दुःख हलके होत नाही. पण हा वियोग कायमचा नाही, या भरवशावर खचलेल्या प्रकृतीनिशी रमाबाई भाषांतराकडे वळल्या. ते पूर्णत्वास नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. ज्या वचनांनी त्यांना एकामागून एक मृत्यू सोसण्याचे बळ दिले, ती त्या केडगावच्या बायकांसाठी त्यांच्याच भाषेत ठेवून गेल्या.