बाळंतपणाचा खर्च कुणी द्यायचा? डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये काय मागितलं होतं?

धुळ्यातल्या संदेश भूमीवर दरवर्षी ३१ जुलैला अनुयायी जमतात. १९३७ मध्ये याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि तेव्हाच्या ट्रॅव्हलर्स बंगल्यात उतरले. खानदेशाला ही भेट ठाऊक आहे. त्याआधी नऊ वर्षं मुंबईच्या कायदे कौन्सिलमध्ये त्यांनी आई आणि बाळासाठी केलेली मागणी मात्र फारशी सांगितली जात नाही.

चार मुलं गेली

रमाबाई आणि बाबासाहेबांच्या पाच मुलांपैकी यशवंत तेवढा जगला. रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न लहानपणीच गेले. राजरत्न गेला १९२६ मध्ये. पुढच्या वर्षी बाबासाहेब कौन्सिलचे नियुक्त सदस्य म्हणून काम करू लागले. या दुःखाचा आणि पुढच्या कामाचा संबंध जोडणं सोपं आहे, पण सभागृहात ते बोलले हिशेबाच्या भाषेत.

नेमका वाद काय होता?

जुलै १९२८ मध्ये कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणात भरपगारी विश्रांती देणारं विधेयक चर्चेला आलं. गिरणीमालकांवर बोजा पडेल, असा विरोधकांचा आक्षेप होता. बाबासाहेबांचं म्हणणं असं की, आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा सरकारनेच उचलावा. पण बायकांच्या श्रमावर मालकही कमावतो, म्हणून त्यालाही पूर्ण सुटका नाही.

१९२९ मध्ये कायदा झाला, देशातला असा पहिलाच. रोज आठ आणे मिळू लागले, मात्र ते सगळे मालकाच्या खिशातून. सरकारच्या वाट्याची मागणी बाजूलाच राहिली. खानदेश तेव्हा मुंबई इलाख्यात होता. जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगावला कापड गिरण्या होत्या. त्याशिवाय गावोगावच्या जिनिंगमध्ये बायका कापसाच्या हंगामापुरत्या राबत. ठरावीक महिने सलग नोकरीची अट त्यांना कशी जमणार?

विमा कुठून आला?

मालकानेच पैसे द्यायचे म्हटलं की तो बाईला कामावर ठेवायलाच कचरतो. यावर उपाय म्हणजे सगळ्यांच्या वर्गणीचा निधी. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४३ मध्ये याच खात्याने बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सोपवला. विधेयक आलं तोवर बाबासाहेबांनी ते खातं सोडलं होतं. १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. सुरुवातीला उपचार फक्त कामगाराला मिळत; बायको-मुलांना ते नंतर मिळू लागले. आज उपचारांच्या खर्चाचा आठवा हिस्सा राज्य सरकार उचलतं.

आणि शेतमजूर?

पगारपत्रक नसलेल्यांसाठी राज्याची ही योजना २०१२ मध्ये आली. जुलैमध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली, त्यात धुळे होतं, जळगाव नव्हतं. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही. कापूस वेचणाऱ्या बाईच्या बाळावरची यादीतली मोठी शस्त्रक्रिया तिच्यात होऊ शकते. बाळंतपणात बुडालेली मजुरी मात्र या योजनेत धरलेली नाही. त्यासाठी केंद्राची मातृवंदना योजना आहे. तिच्यात पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी.