सॉ बा ऊ जी : एका न संपलेल्या युद्धाचा पहिला नेता

मंडालेच्या तुरुंगामुळे ब्रह्मदेश मराठी माणसाला परका नाही. पण त्याच देशात १९४९ साली पेटलेले करेनांचे बंड आपल्याला फारसे ठाऊक नसते. त्या बंडाचे पहिले नेते सॉ बा ऊ जी हे सैनिक नव्हते, बॅरिस्टर होते.

१९०५ साली इरावतीच्या खोऱ्यातील बसीन येथे एका सधन करेन जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. रंगून विद्यापीठातून ते इंग्लंडला गेले आणि १९२७ साली बॅरिस्टर झाले. सुखाने वकिली करावी अशीच त्यांची परिस्थिती होती.

दुसऱ्या महायुद्धाने सारे पालटले. बर्मी स्वातंत्र्यसेना जपान्यांबरोबर आली, तर अनेक करेन इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले. १९४२ साली म्यांगम्या भागात करेनांची कत्तल झाली आणि दोन शेजारी समाजांतला विश्वास उडाला. स्वतंत्र ब्रह्मदेशात आपले काय होणार, या चिंतेने १९४६ साली करेन शिष्टमंडळ लंडनला गेले. त्यात बा ऊ जी होते. हाती काही लागले नाही. फेब्रुवारी १९४७ मध्ये करेन नॅशनल युनियन स्थापन झाली व ते तिचे अध्यक्ष झाले.

खरी अडचण नकाशाची होती. खोऱ्यातले करेन बर्मी लोकांत मिसळून राहत होते. स्वतंत्र राज्याची सीमारेषा आखायची कुठून? हा प्रश्न सुटण्यापूर्वीच ३१ जानेवारी १९४९ रोजी रंगूनलगतच्या इन्सीनला लढाई जुंपली. ती ११२ दिवस चालली. एप्रिलमधील वाटाघाटी फिसकटल्या आणि करेनांना माघार घ्यावी लागली.

शरणागती नाही, शस्त्रे खाली ठेवणे नाही, करेन राज्याला मान्यता हवी आणि आपले भवितव्य आपणच ठरवू, अशी चार तत्त्वे त्यांनी अनुयायांना घालून दिली. १२ ऑगस्ट १९५० रोजी कॉकरेकजवळ सरकारी सैन्याने त्यांना गाठून ठार केले. प्रेत समुद्रात टाकण्यात आले. त्यामुळे त्यांचे थडगे कोठेच नाही.

परंतु माणूस संपल्याने प्रश्न संपत नाही. १९९५ साली मानेरप्लॉ हे बंडखोरांचे मुख्य ठाणे पडले, २०१२ साली शस्त्रसंधी झाली, आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर पुन्हा बंदुका धडाडल्या. त्यांच्या चार तत्त्वांनी करेनांना ताठ मानेने उभे राहायला शिकवले, हे खरे. पण तडजोडीची वाटही अरुंद केली, हेही तितकेच खरे. १२ ऑगस्ट हा दिवस करेन लोक हुतात्मा दिन म्हणून पाळतात. बहुसंख्यांनी अल्पसंख्यांची भीती वेळीच ओळखली नाही, तर तिची किंमत किती पिढ्यांना मोजावी लागते, हे या बॅरिस्टरच्या चरित्रावरून कळते.