पानांचे डॉक्टर : हॅरी मार्शल वॉर्ड

श्रीलंका म्हटले की चहा आठवतो. पण दीडशे वर्षांपूर्वी हे बेट, म्हणजे तेव्हाचे सिलोन, कॉफीसाठी जगभर प्रसिद्ध होते. तिथल्या डोंगरउतारांवर अडीच लाख एकरांहून अधिक क्षेत्रात कॉफीचे मळे होते. १८६९ मध्ये काही झाडांच्या पानांखाली नारिंगी पुटकुळ्या दिसल्या. पाने गळू लागली, दरवर्षी उत्पन्न घटत गेले. हा कॉफीवरचा तांबेरा होता. तो होण्याचे खरे कारण दाखवून देणारे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणजे हॅरी मार्शल वॉर्ड.

वॉर्ड यांचा जन्म १८५४ मध्ये इंग्लंडमधील हेरफर्ड इथला. लंडनमध्ये थॉमस हक्सले यांच्या वर्गात त्यांना प्रयोगांची गोडी लागली. पुढे केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञानाची पदवी त्यांनी प्रथम श्रेणीत मिळवली. १८८० मध्ये सिलोन सरकारने बुरशीतज्ज्ञ म्हणून दोन वर्षांसाठी त्यांची नेमणूक केली, तेव्हा ते अवघे पंचविशीत होते. तोवर मळेवाल्यांनी चुना, गंधक, खते असे सारे करून पाहिले होते. हवामान बिघडले, जमिनीचा कस गेला, झाडाचा रसच दूषित झाला, असे नाना तर्क चालू होते. नव्या साहेबाने यावे आणि औषध सांगावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

वॉर्ड यांनी आधी रोगाची कुंडली मांडली. निरोगी पानावर त्यांनी बुरशीचे बीजाणू ठेवले. पानावर पाण्याचा थेंब असेल तरच बीजाणू रुजतो, त्यातून निघालेला तंतू पानाच्या श्वसनाच्या छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून आत शिरतो आणि पेशींमधले अन्न शोषतो, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली टप्प्याटप्प्याने पाहिले. दोनेक आठवड्यांनी त्याच जागी नारिंगी डाग उमटत असे. मळ्यांत ग्लिसरीन लावलेल्या काचपट्ट्या टांगून त्यांनी वाऱ्याबरोबर येणारे बीजाणूही पकडले. रोग झाडाच्या आतून उद्‌भवत नाही, तो बाहेरून येतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

यातून निघालेला निष्कर्ष मात्र मळेवाल्यांना रुचणारा नव्हता. बुरशी एकदा पानाच्या आत शिरली की वरून टाकलेली भुकटी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. उपाय करायचा तर बीजाणू रुजण्याआधी, पानाच्या पृष्ठभागावरच करायला हवा. दुसरे कारण त्याहून खोल होते. मैलोन्‌मैल जंगल तोडून एकच पीक लावले गेले होते. वाऱ्याला अडवायला मध्ये दुसरे झाड नव्हते आणि बीजाणू जिथे पडेल तिथे त्याच्या आवडीचे पान तयार होते. मळ्यांमध्ये दुसऱ्या झाडांचे पट्टे राखावेत, असे वॉर्ड यांनी सुचवले. पण सलग पसरलेल्या मळ्यांसाठी हा सल्ला फार उशिरा आला होता.

खोटी आशा दाखवणारे औषध त्यांनी सांगितले नाही, त्यामुळे अनेकांना त्यांचे काम निरुपयोगी वाटले. १८८२ मध्ये ते मायदेशी परतले. पाठोपाठ सिलोनची कॉफी कोसळली. मळेवाले कर्जात बुडाले, तमिळ मुलखातून आलेल्या मजुरांचा रोजगार गेला आणि १८८४ मध्ये ओरिएंटल बँक बंद पडली, त्यामागे हेही एक कारण होते. उरलेल्या उतारांवर चहा लागला. द्राक्षावरील बोर्डो मिश्रणाची माहिती फ्रान्समधून १८८५ मध्ये पुढे आली. बीजाणू रुजण्याआधी पानावर संरक्षक थर हवा, हे वॉर्ड यांचे म्हणणे त्यातून प्रत्यक्षात आले.

त्याच वर्षी वॉर्ड इंग्लंडमधील कूपर्स हिल इथल्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. हिंदुस्थानच्या वनखात्यात जाणारे तरुण अधिकारी तिथे तयार होत. झाड म्हणजे नुसते घनफुटांतले लाकूड नव्हे, त्यालाही आजार होतात, हे त्यांनी या विद्यार्थ्यांना शिकवले. इमारती लाकूड आणि त्याचे रोग यांवरील त्यांचे पुस्तक १८८९ मध्ये निघाले. बागेतल्या लिलीवर पडणारी बुरशी पेशींच्या भिंती विरघळवणारे विकर सोडते, हेही त्यांनी याच काळात दाखवले. १८८८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

माणसाच्या आरोग्याशी थेट संबंध असलेले त्यांचे काम पुढे आले. लंडनला पाणी पुरवणाऱ्या थेम्स नदीतील जिवाणूंचा अभ्यास त्यांनी रसायनशास्त्रज्ञ पर्सी फ्रँकलंड यांच्यासोबत केला. अँथ्रॅक्सचे, म्हणजे काळपुळीचे बीजाणू पसरलेल्या काचेच्या तबकडीवर त्यांनी एक अक्षर कापून काढलेला कागद ठेवला आणि ती उन्हात ठेवली. नंतर उबेत ठेवल्यावर सगळीकडे जिवाणू वाढले. ऊन पडलेल्या जागी मात्र ते अक्षर स्वच्छ, रिकामे उमटले. प्रकाशातील निळा-जांभळा भाग जिवाणू मारतो, तांबडा नाही, हेही त्यांनी तपासले. अंथरूण-पांघरूण उन्हात घालण्यामागचे शास्त्र इतक्या सोप्या रीतीने क्वचितच कुणी दाखवले असेल. जिंजर बिअर आंबवणारा गोळा यीस्ट आणि जिवाणू यांच्या सहजीवनातून बनतो, हा शोधही त्यांचाच.

१८९५ मध्ये ते केंब्रिजला प्राध्यापक झाले. पुन्हा तांबेऱ्याकडे वळून, एकाच बुरशीचे वाण वेगवेगळ्या जातींच्या गवतांवर कसे वाढतात किंवा वाढत नाहीत, हे ते तपासत राहिले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये गव्हातील तांबेरारोधक गुण मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत उतरतो, हे सिद्ध केले. आजचे रोगप्रतिकारक वाण याच वाटेने आले.

वॉर्ड यांना मधुमेह होता. तेव्हा त्यावर इलाज नव्हता. इन्शुलिनचा शोध लागायला १९२१ साल उजाडावे लागले. २६ ऑगस्ट १९०६ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी पुढे तिबेट आणि ब्रह्मदेशाच्या डोंगरांतून वनस्पती गोळा करून नाव कमावले.

१९७० मध्ये कॉफीचा तांबेरा ब्राझीलला पोहोचला. तिथेही त्याला एकाच पिकाचे अफाट मळे मिळाले. प्रतिकारक वाण, बीजाणू रुजण्याआधीची फवारणी आणि मिश्र झाडोरा हे आजचे उपाय पाहिले, तर सिलोनमधल्या त्या तरुण तज्ज्ञाचा सल्ला निरुपयोगी नव्हता, हे पटते.