आवाज पोहोचवणारा माणूस : नानिक मोटवाने



15 ऑगस्टला ऐन भाषणात माइक बंद पडला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. मीरा रोडच्या आमच्या शाळेत गेल्या वर्षी तसंच झालं. मुलगी पाठ केलेलं भाषण जीव तोडून म्हणत होती आणि तिसऱ्या रांगेच्या मागे काहीच ऐकू जात नव्हतं. तेव्हा मला नानिक मोटवाने आठवले.

नानिक यांचे वडील ज्ञानचंद मोटवाने मूळचे सिंधचे. त्यांनी 1909 मध्ये व्यवसाय सुरू केला, तो पुढे मुंबईत आला आणि शिकागो रेडिओ या नावाने प्रसिद्ध झाला. गांधीजींच्या सभांना हजारोंची गर्दी व्हायची, पण त्यांचा आवाज बारीक. मागच्या लोकांना नुसतं दर्शनच मिळे. नानिक यांनी ही अडचण ओळखली. 1931 च्या कराची काँग्रेस अधिवेशनात त्यांचे लाउडस्पीकर लागले आणि पुढे कितीतरी सभांमध्ये ते दिसू लागले. गांधीजी, नेहरू यांचे जुने फोटो नीट बघा. माइकवर शिकागो रेडिओची पाटी दिसेल.

तेव्हाचे अ‍ॅम्प्लिफायर वॉल्व्हचे होते. काचेच्या नळ्या तापायला वेळ लागे, धक्का बसला की फुटण्याची भीती. अशी यंत्रं गावोगाव न्यायची म्हणजे सांभाळणं आणि दुरुस्ती हाच अर्धा धंदा!

1942 मध्ये तर स्वातंत्र्यच पणाला लागलं. उषा मेहता आणि सहकारी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. त्यांना साहित्य पुरवण्यात मोटवाने यांचा हात होता. 12 नोव्हेंबरला गिरगावात छापा पडला. मोटवाने यांच्यावरही खटला चालला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, मोटवाने निर्दोष सुटले. चालता धंदा असलेल्या माणसाने एवढी जोखीम का घेतली असेल? हा प्रश्न मुलांना जरूर विचारा.

1947 च्या अखेरीस अमेरिकेत ट्रान्झिस्टर तयार झाला आणि पुढे काचेच्या नळ्या मागे पडल्या. आमच्या शाळेचा अ‍ॅम्प्लिफायरही जुना, ट्रान्झिस्टरचाच. सगळे म्हणाले, भंगारात द्या. मी तो कारागिराकडे नेला. त्याने झाकण उघडून दाखवलं तर काय, कुणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली! स्पीकरच्या तारा एकमेकींना टेकल्या, फ्यूज उडायला हवा होता, तो नव्हताच. मग आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळले. ते बदलले, सुकलेले कपॅसिटर बदलले, आता सेट खणखणीत वाजतो.

तुमच्याकडे शाळेचा असा सेट किंवा मुलाच्या गिटारचा जुना अ‍ॅम्प असेल, तर एवढं करा :

1. फ्यूज नेहमी त्याच मापाचा घाला, तार कधीच नको.
2. स्पीकरच्या तारा सेट बंद करूनच जोडा.
3. चालू असताना वर कापड टाकू नका, गरम हवा बाहेर जाऊ द्या.
4. आपल्याकडे खाडी आणि मिठागरांची दमट, खारी हवा. पावसाळ्यातही अधूनमधून सेट चालवा.
5. घुंऽऽ असा आवाज वाढला तर कारागिराला दाखवा. स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

यंदा त्याच मुलीने भाषण केलं. शेवटच्या रांगेतल्या आजीबाईंनीही टाळ्या वाजवल्या, बरं का!