वादळाचे वेटोळे ओळखणारा कप्तान : हेन्री पिडिंग्टन

समुद्र खवळला की बंदरावर तीन क्रमांकाचा बावटा लागल्याची बातमी किनारपट्टीवर सर्वत्र पोहोचते. तांडेल होड्या वर ओढून घेतात, ट्रॉलर मालक धक्क्यावर दोरखंड आवळतात आणि घरची माणसे बाहेर गेलेल्यांची वाट पाहत बसतात. आपण त्याला बावटा म्हणत असलो, तरी प्रत्यक्षात दिवसा डोलकाठीवर चढतात ते सुळक्याच्या आणि नळकांड्याच्या आकाराचे ठोकळे, आणि रात्री तांबडे व पांढरे दिवे. या साध्या खुणांमागे एका माणसाचे आयुष्यभराचे परिश्रम आहेत. जगाला ‘सायक्लोन’ हा शब्द देणाऱ्या त्या माणसाचे नाव हेन्री पिडिंग्टन.

पिडिंग्टन यांचा जन्म १७९७ साली इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. तरुणपणी ते व्यापारी जहाजांवर रुजू झाले आणि कप्तानपदापर्यंत चढले. पुढे समुद्र सोडून ते कलकत्त्यात स्थायिक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, परंतु जिज्ञासा अपार होती. भारतातील वनस्पतींची इंग्रजी सूची त्यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. मातीचे आणि खनिजांचे पृथक्करण केले. आर्थिक भूगर्भशास्त्राच्या संग्रहालयाचे ते अभिरक्षक झाले. मात्र त्यांचे नाव राहिले ते दुसऱ्याच एका कामामुळे. कलकत्त्यात जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या सागरी न्यायालयाचे ते अध्यक्ष होते.

त्या काळचे कलकत्ता बंदर समजून घेतल्याशिवाय या पदाचे महत्त्व कळत नाही. हे बंदर समुद्रावर नव्हते, तर हुगळी नदीच्या काठी, मुखापासून बरेच आत होते. नदीच्या पात्रातील वाळूचे दांडे सतत जागा बदलत. ‘जेम्स अँड मेरी’ नावाचा दांडा तर १६९४ साली बुडालेल्या एका जहाजाचेच नाव घेऊन बसला होता. त्यामुळे मुखाशी आलेल्या जहाजावर सरकारी पायलट चढे आणि तोच ते वर नेई. जहाजावर बंदुकीची दारू असेल, तर ती शहराच्या धक्क्यापर्यंत आणता येत नसे. ती अलीकडे मोयापूर येथील कोठारात उतरवावी लागे. १८५५ साली बंदरे आणि बंदरशुल्क यांसाठी सरकारने स्वतंत्र कायदा केला. वाळू, दारूगोळा, नांगर टाकण्याची जागा या सर्वांसाठी नियम होते. वादळासाठी मात्र काहीच नव्हते. वादळ ही दैवी आपत्ती समजली जाई आणि त्यात बुडालेल्या जहाजाचा दोष कुणाकडेच जात नसे.

पिडिंग्टन यांना ही समजूत मान्य नव्हती. १८३८ साली विल्यम रीड यांचा वादळांच्या नियमांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील रेडफील्ड यांनीही त्याआधी तोच विचार मांडला होता. मोठ्या वादळात वारा सरळ वाहत नाही, तर एका केंद्राभोवती फिरतो, असे त्या दोघांचे प्रतिपादन होते. पिडिंग्टन यांनी हा विचार बंगालच्या उपसागराला लावून पाहण्याचे ठरवले. वादळातून वाचून आलेल्या जहाजांच्या नोंदवह्या ते मिळवीत. कोणत्या तासाला वारा कुठून आला, वायुभारमापकाचा पारा किती उतरला आणि जहाज नकाशावर कुठे होते, हे ते एकेका नोंदीवरून मांडीत. १८३९ पासून बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वादळांवरील लेख एकामागून एक येऊ लागले. अनेक जहाजांच्या नोंदी एकत्र ठेवल्या की वादळाचे चाक आणि त्याचा प्रवास कागदावर स्पष्ट दिसू लागे.

सर्वांत बोलका पुरावा ‘चार्ल्स हेडल’ या लहान जहाजाने दिला. १८४५ च्या फेब्रुवारीत मॉरिशसजवळ ते वादळात सापडले आणि कप्तानाने वाऱ्याला पाठ देऊन ते पळवले. अनेक दिवस धावूनही ते फारसे दूर गेलेच नाही. वादळाच्या केंद्राभोवती त्याने पुन्हा पुन्हा प्रदक्षिणा घातल्या आणि अखेर ते मॉरिशसच्याच जवळ निघाले. वाऱ्यापुढे पळणे म्हणजे सुटका नव्हे, हे यातून सिद्ध झाले.

१८४८ साली त्यांनी खलाशांसाठी वादळांच्या नियमांचे पुस्तक प्रसिद्ध केले. या फिरत्या वादळांना त्यांनी ‘सायक्लोन’ हे नाव दिले. वर्तुळ आणि सापाचे वेटोळे सुचवणाऱ्या ग्रीक शब्दावरून ते घडवले होते. आपला ‘चक्रीवादळ’ हा शब्दही तोच अर्थ वागवतो. पुस्तकासोबत शिंगाच्या पारदर्शक पत्र्यांवर छापलेली वाऱ्याची वर्तुळे होती. कप्तानाने ती नकाशावर ठेवायची आणि केंद्र कुठे आहे ते पाहायचे. नियम सोपा होता. आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले की वादळाचे केंद्र साधारणपणे उजव्या हाताला असते. १८५२ मध्ये साध्या खलाशांसाठी त्यांनी संवादरूपाने आणखी एक पुस्तक लिहिले. विद्वानांच्या मान्यतेइतकीच त्यांना सुकाणू धरणाऱ्या माणसाची काळजी होती.

वाऱ्याइतकाच त्यांना पाण्याचा धोका जाणवत होता. आंध्रच्या किनाऱ्यावरील कोरिंगा येथे १७८९ च्या डिसेंबरात समुद्राच्या तीन प्रचंड लाटा आत शिरल्या आणि सुमारे वीस हजार माणसे गेली, हा वृत्तान्त त्यांनी नोंदवून ठेवला होता. चक्रीवादळ समुद्राचे पाणी आपल्यापुढे ढकलत आणते आणि ते भरतीच्या वेळी सखल खाडीत शिरले की काही उरत नाही, हे त्यांनी पक्के जाणले होते.

नेमक्या याच सुमारास हुगळी गाळाने भरत चालल्याच्या भीतीने कलकत्त्याचे व्यापारी पर्यायी बंदर शोधू लागले. सुंदरबनातील मातला नदी खोल होती आणि तिच्या काठी नवे बंदर वसवण्याचा बेत ठरला. १८५३ साली पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल डलहौसी यांना उद्देशून एक जाहीर पत्र छापले. त्या जागी एखाद्या वादळी दिवशी खाऱ्या पाण्याचा लोंढा इतक्या वेगाने चढेल की सारी वसाहत पाच ते पंधरा फूट पाण्याखाली जाईल, असा इशारा त्यांनी दिला. सरकारने तो मनावर घेतला नाही. १८५८ च्या एप्रिलमध्ये पिडिंग्टन कलकत्त्यातच वारले.

त्यानंतर बंदराला लॉर्ड कॅनिंग यांचे नाव मिळाले. रेल्वे गेली, धक्के बांधले गेले, कंपनी निघाली. कंपनीच्या भागांवर कलकत्ता आणि मुंबईच्या बाजारांत मोठा सट्टा झाला. १८६४ च्या ५ ऑक्टोबरला कलकत्त्यावर भीषण चक्रीवादळ आले. बंदरातील जवळजवळ दोनशे जहाजांपैकी फारच थोडी धड राहिली आणि नदीकाठच्या प्रदेशात सुमारे साठ हजार माणसे दगावली. तरीही कॅनिंगचे काम थांबले नाही. १ नोव्हेंबर १८६७ रोजी वादळाच्या लाटेने त्या बंदराची दैना केली आणि काही वर्षांतच ते सोडून द्यावे लागले. पिडिंग्टन यांच्या मृत्यूला तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

१८६४ च्या संहारानंतर मात्र सरकार हलले. १८६५ साली कलकत्ता बंदरात वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले. १८८० साली हे इशारे पश्चिम किनाऱ्यावर आले. मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ला, कारवार आणि कुमठा ही ती बंदरे होत. पोर्तुगीज अमलातील गोव्याच्या उत्तरेला वेंगुर्ल्यात आणि दक्षिणेला कारवारला तेव्हा खुणा चढू लागल्या. १८९८ पासून देशातील सर्व बंदरांसाठी एकच संकेतपद्धती ठरली. दारू कुठे उतरवावी याचे नियम बंदरांना आधीच होते. आता वादळाची वर्दी देण्याचे कर्तव्यही त्यांच्याकडे आले.

पिडिंग्टन यांच्या सर्वच कल्पना टिकल्या नाहीत. वारा केंद्राभोवती अचूक वर्तुळात न फिरता आत वळत जातो, हे पुढच्या संशोधकांनी दाखवले आणि खलाशांचा नियमही त्यानुसार सुधारला. परंतु वादळाला गती आहे, मार्ग आहे आणि म्हणून त्याची चाहूल घेता येते, हा त्यांचा मूळ आग्रह खरा ठरला. त्यांच्या इशाऱ्याची किंमत कॅनिंगने मोजली. आज मुरगाव किंवा कारवारच्या काठीवर खूण चढते, तेव्हा तांडेल ती पाहून होडी मागे फिरवतो आणि संध्याकाळी घरी पोहोचतो. पिडिंग्टन यांना डलहौसींकडून एवढेच हवे होते.